वळणाची बाहेरची कड

१

डोळ्यांच्या दवाखान्यात जिन्याखाली एक अंधारी खोली होती आणि त्या खोलीत ताईची सतरा वर्षं गेली होती. तिचं काम दृष्टिक्षेत्र तपासायचं. माणसाच्या एका डोळ्यावर पट्टी लावायची, एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे त्याची हनुवटी टेकवायची, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "मधल्या ठिपक्याकडे बघत राहा. आजूबाजूला कुठेही उजेड चमकला की बटण दाबा. पण तिकडे बघायचं नाही. नजर मध्येच ठेवा."

सांगायला सोपं, पण लोकांना ते जमत नसे. कडेला काही चमकलं की नजर तिकडे पळतेच. ताई बाजूच्या छोट्या पडद्यावर त्यांचं बुबुळ बघत बसे आणि ते हललं की शांतपणे म्हणे, "मध्ये बघा." दिवसातून शंभरदा तरी म्हणत असेल. दवाखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. ज्यांना ती धाकटी होती तेसुद्धा.

घरी ती आणि आई. वडील गेल्यावर धाकट्या भावाचं शिक्षण, नोकरी, लग्न हे सगळं तिनेच निस्तरलं. भाऊ आता दुसऱ्या गावी सुखात होता. आईला काचबिंदू होता. आईचा आलेख ताईने स्वतःच्या हाताने काढला होता: मध्ये बोराएवढा पांढरा गोल आणि भोवती सगळं काळं. आईला समोरचं तेवढं दिसे, नळीतून बघावं तसं. टेबलावरचा पेला शोधायचा तर ती मान सावकाश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवी, आणि पेला सापडला की मान थांबे.

मोटारसायकलचं खूळ ताईच्या डोक्यात विसाव्या वर्षापासून होतं. साधी नव्हे, ती पुढे झुकून चालवायची, टाकीवर पोट टेकवून, वाऱ्यात मान खाली घालून. एकविसाव्या वर्षी वडील गेले आणि ते खूळ तिने घडी घालून ठेवून दिलं. एक्केचाळिसाव्या वर्षी एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती आईला हे सहज सांगून गेली, हसत हसत. आई हसली नाही. निवडलेली भाजी तिने बाजूला सारली आणि म्हणाली, "तुझ्या वाट्याला माझी औषधं आणि बसची रांग एवढंच आहे का? घे तू. मला दिसतंय तोवर घे."

२

घराजवळच्या गॅरेजातले मिस्त्री साठीचे होते, मितभाषी. ताई नवशिकी म्हणून त्यांनी आधी तिला हजार प्रश्न विचारले आणि मग नवी गाडी घ्यायची नाही असं बजावलं. नवशिक्याची गाडी पडतेच, आणि पहिलं पडणं जुन्या गाडीवर झालेलं बरं. आठवड्याभरात त्यांनी एक गाडी हुडकून काढली. मालक शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर होते.

मास्तरांच्या बायकोने दार उघडलं. आत शिरताच ताईला खोली चमत्कारिक वाटली, आणि का ते कळायला तिला थोडा वेळ लागला. खोलीला कोपरे नव्हते. एका कोपऱ्यात कपाट तिरकं लावलेलं, दुसऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या उभ्या, तिसऱ्यात चित्रकलेच्या कागदांचे गठ्ठे पार छतापर्यंत, चौथ्यात शिडी आणि तिच्यावर टाकलेली चादर. एका माणसाला उभं राहता येईल एवढीही जागा कुठल्या कोपऱ्यात उरली नव्हती.

मास्तर खोलीच्या बरोबर मध्ये खुर्चीवर बसले होते. पस्तिशीचे, दाढी केलेली, कपडे नीटनेटके. बोलणंही आर्जवी. पण ताईचं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं, कारण तो तिचा धंदाच होता. माणसाचे डोळे एका जागी ठरत नाहीत. बोलता बोलता ते भिरभिर इकडे तिकडे जाऊन येतात. मास्तरांचे हलतच नव्हते. बायको बाजूने पाणी घेऊन आली तर त्यांनी तिच्याकडे न बघता नुसता हात लांब केला.

हा माणूस कडेचं बघू शकत नाही, ताईने मनाशी नोंद केली. तिने हळूच विचारलं, डोळे कधी तपासलेत का?

"डोळे उत्तम आहेत," मास्तर म्हणाले. "सगळं दिसतं."

गाडी का विकताय, हे मिस्त्रींनी विचारलं. मास्तर म्हणाले, वळणं जमेनात.

गाडी खाली आडोशाला उभी होती. गर्द निळी, पुढचं आवरण टोकदार, पाठीमागची सीट उंच. अंगावर एक ओरखडा नाही. मिस्त्रींनी साखळी ताणून बघितली, ब्रेक दाबले, आणि मग चाकाशी उकिडवे बसून टायरवर बोट फिरवलं. टायर मध्ये झिजलेले होते आणि दोन्ही कडा कोऱ्या करकरीत. कारखान्यातून येते ती रबराची बारीक लवसुद्धा तशीच. मिस्त्री म्हणाले, या माणसाने गाडी एकदाही झुकवलेली नाही. दोन वर्षं नुसती सरळ चालवलीय.

कागदांवर सह्या झाल्या. ताई निघाली तेव्हा मास्तर तिच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "वळणावर बाहेरच्या कडेला बघू नका."

ते तर सगळेच सांगतात, असं ताई म्हणाली.

"हो. पण का सांगतात ते सगळ्यांना माहीत नसतं."

३

पहिला महिना मैदानातच गेला. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात मिस्त्रींनी रंगाचे रिकामे डबे मांडले आणि ताईला त्यांच्यामधून गाडी काढायला लावली. क्लच सोडताना गाडी हिसका देऊन बंद पडे. तळहातांवर भार येऊन मनगटं सुजली. ती चार वेळा पडली, चारही वेळा उभ्या उभ्या, गाडी हळूच आडवी होताना आणि ती सावरता न आल्याने. पाचव्यांदा पडली तेव्हा ती जमिनीवर बसून इतकी हसली की मिस्त्रींनाही हसू आवरेना. इतकं मोकळं ती कधी हसली होती ते तिलाच आठवेना.

मिस्त्रींची शिकवण एकच होती आणि ती ते पुन्हा पुन्हा सांगत. "ताई, हँडल विसरा. तुम्ही बघाल तिकडे गाडी जाईल. डब्याकडे बघितलंत तर डब्यावर जाल. वळण संपतं तिथे बघा, गाडी तुम्हाला तिथे नेऊन सोडेल."

ताईला हे कुणी नवं सांगायला नको होतं. सतरा वर्षं ती लोकांना नजर कुठे ठेवायची हेच सांगत आली होती. डबे मागे पडू लागले. गाडी तिच्याखाली एखाद्या समजूतदार जनावरासारखी झुकू लागली, आणि टायरच्या कडांवरची ती लव रोज थोडी थोडी पुसली जाऊ लागली. संध्याकाळी घरी आल्यावर आई तिचे तळहात हातात घेऊन घट्टे चाचपून बघे आणि हसे.

मग एका रविवारी सकाळी मिस्त्री म्हणाले, आज तलावाच्या रस्त्याला जाऊ.

४

तलावाचा रस्ता टेकडीवर चढत जाई. सात वळणं होती. मिस्त्री त्यांच्या जुन्या गाडीवर पुढे, ताई मागे. ऊन लख्ख पडलं होतं, रस्ता कोरडा आणि रिकामा.

पहिली तीन वळणं सुरेख गेली. चौथं वळण डावीकडे लांबलचक होतं. ताईने वेग कमी केला, मान वळवली आणि वळण संपत होतं तिथे नजर लावली. गाडी झुकली. त्याच वेळी उजव्या अंगाला, रस्त्याच्या बाहेरच्या कडेवर, कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं.

बघितलं नाही, जाणवलं. नजर समोर ठेवून कडेचं जेवढं कळतं तेवढंच. उभा आकार, माणसाच्या उंचीचा, हात अंगालगत. रस्त्याकडे तोंड.

वर पोचल्यावर तिने मिस्त्रींना विचारलं, चौथ्या वळणावर कोण उभं होतं? रस्त्याच्या कामावरचा कुणी असेल का? मिस्त्रींनी कुणाला बघितलं नव्हतं. शिवाय तिथे उभं राहायला जागाच कुठे आहे, ते म्हणाले. वीतभर कड आणि मग उतार. एखादा दगड असेल, मैलाचा.

ताईला ते पटलं. उतरताना ती त्या कडेला बघणार नव्हतीच, आणि तिने बघितलंही नाही. पण ते होतं. तसंच, त्याच जागी.

बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा करून चौथ्या वळणापर्यंत गेली. तिथे दगड नव्हता, खांब नव्हता, झुडूपही नव्हतं. गवत होतं. एका जागी तेवढं गवत उगवलेलं नव्हतं, दोन पावलांच्या मापाचं.

५

ताई भिणाऱ्यातली नव्हती. दृष्टिपटलाला इजा झाली की असं होतं हे तिला ठाऊक होतं. कडेला सावल्या दिसतात, आकार दिसतात. पुढच्या रविवारी तो आकार तिसऱ्या वळणावर दिसला आणि त्याच्या पुढच्या रविवारी पहिल्याच, तेव्हा तिने दवाखान्यातल्या सिस्टरला सांगितलं की आज माझी तपासणी कर.

सिस्टर तिची जुनी मैत्रीण. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने खोलीचं दार लावलं, ताईच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि यंत्र सुरू केलं. ताईने आयुष्यात पहिल्यांदाच त्या बाजूने आत बघितलं. पांढराशुभ्र पोकळ वाडगा, मध्ये पिवळा ठिपका. दिवे चमकू लागले. वर, खाली, डावीकडे. ती बटण दाबत गेली.

हे यंत्र मोठं लबाड. मध्येच नुसताच खट् असा आवाज करतं आणि दिवा दाखवत नाही. अंदाजाने बटण दाबणारे तेव्हा पकडले जातात.

छापून आलेला कागद दोघींनी मिळून बघितला. ताईचं दृष्टिक्षेत्र निर्दोष होतं, वीस वर्षांच्या मुलीसारखं. फक्त जिथे दिवा नव्हता तिथे तिने अकरा वेळा बटण दाबलं होतं.

"तू?" सिस्टर म्हणाली. "तू अंदाजाने दाबलंस?"

ताईने अंदाजाने दाबलं नव्हतं. उजवीकडे, थोडं खाली, तिला काहीतरी दिसत होतं. पण दिवा चमकतो आणि विझतो. हे विझत नव्हतं.

सिस्टर कागदाची घडी करत राहिली. ताईने विचारलं, माझी नजर हलली का? नाही, सिस्टर म्हणाली, अजिबात नाही. मग ती म्हणाली की यंत्राचा कॅमेरा एकदा साफ करून घ्यायला हवा. ताईच्या बुबुळात मधूनच काहीतरी उभं दिसत होतं, काच मळली असणार.

त्या दिवसानंतर सिस्टर त्या खोलीत एकटीने यायचं टाळू लागली.

६

ताईने गाडी बंद केली. तिच्यावर चादर घातली आणि पुन्हा बसने जाऊ लागली. पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी बस बाजारपेठेच्या कोपऱ्यावर वळली आणि फुटपाथच्या कडेला ते उभं होतं. म्हणजे गाडीचा काही संबंध नाही, ताईने विचार केला. तिला आधी हायसं वाटलं आणि मग बसचा दांडा धरलेला तिचा हात घामाने निसटायला लागला.

त्यानंतर ते दवाखान्याच्या बोळाच्या वळणावर आलं. मग घराच्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर. ते कधी हललं नाही, पुढे आलं नाही, त्याने आवाज केला नाही. तिने बघावं एवढ्यासाठीच ते उभं होतं याबद्दल आता तिच्या मनात शंका राहिली नव्हती. बघितलं तर काय होईल हे तिला माहीत नव्हतं. तुम्ही बघाल तिकडे गाडी जाईल, एवढंच मिस्त्रींचं वाक्य डोक्यात घोळत राही.

एका संध्याकाळी दवाखान्यातून ती परस्पर मास्तरांकडे गेली.

दार मास्तरांनीच उघडलं. हसतमुख, बाह्या दुमडलेल्या. "या, या. वळणं जमली का?" असं म्हणताना त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून पिशवीवर, पिशवीवरून चपलांवर सहज फिरून आले. इतर कुणाचेही फिरतात तसे. खोली मोकळी झाली होती. कपाट भिंतीला लागलं होतं, कागदांचे गठ्ठे गेले होते, चारही कोपरे झाडूनपुसून स्वच्छ. मास्तर चहा करतो म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि शीळ घालू लागले.

बायको ताईसमोर बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि डोळे पाण्याने भरले होते. ती हलक्या आवाजात म्हणाली, "सहा दिवस झाले. कंटाळलो म्हणाले, आता एकदा बघूनच टाकतो. आणि बघितलं. तेव्हापासून बरे आहेत."

मग रडताय का, असं ताईने विचारलं.

"खूपच बरे आहेत," बायको म्हणाली. "आधी कधी शीळ घालत नसत."

तेवढ्यात ताईला खिडकीशेजारच्या कोपऱ्यात ते जाणवलं. तिची मान आपोआप ताठ झाली. पण हे तिचं नव्हतं. तिचं ते स्वस्थ उभं राही. हे जास्त उंच होतं, बारीक होतं, आणि त्याचा एक हात वर उचललेला होता. वर्गात गडबड चालू असताना मुलांचं लक्ष वेधून घेण्यासाठी मास्तर लोक उचलतात तसा. हात थरथरत होता. त्या बाईला तो दिसत नव्हता.

ताई समोर, फक्त समोर, बायकोच्या कपाळावर नजर रोखून उठली आणि चहा न घेता निघाली.

७

एव्हाना आईला सगळं कळलं होतं, म्हणजे काहीतरी बिनसलंय एवढं कळलं होतं. लेक आता मान वळवत नाही, भिंतीलगत चालते, बसते ती नेहमी कोपऱ्याकडे पाठ करून. आईने काही विचारलं नाही. ती फक्त आपली खुर्ची उचलून ताईच्या समोर आणून ठेवू लागली.

मंगळवारी सकाळी ताई ओट्यापाशी डबा भरत होती. मागे आई टेबलाशी बसून चष्मा शोधत होती. तिची ती मान सावकाश फिरत असणार हे ताईला न बघता कळत होतं. टेबलाची कड, खुर्ची, दार, दारामागचा कोपरा.

"अगं, कधीची उभी आहेस तिथे?" आई म्हणाली. "बस ना जरा. दमलेली दिसतेस."

ताईच्या हातातलं झाकण खाली पडलं. इतके दिवस तिने स्वतःच्या नजरेला जपलं होतं. आईचा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. आईच्या डोळ्यांना कड अशी नव्हतीच. तिला जे दिसे ते समोरच दिसे.

ती वळली. नजर फरशीवर ठेवून आईपर्यंत गेली, आईची हनुवटी धरली आणि तिचं तोंड स्वतःकडे फिरवलं. आईने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हाताला हात लावला, घट्टे चाचपले.

"तू इथे आहेस," आई म्हणाली. "मग तिथे कोण?"

"कुणी नाही. ओढणी टांगलीय."

"डोळे गेले गं माझे," आई म्हणाली. पण तिची मान पुन्हा तिकडे वळू बघत होती. ताईने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

८

रविवारी सकाळी ताईने गाडीवरची चादर काढली. तिने मनाशी एक गोष्ट ठरवली होती, आणि तीत कसलाही शहाणपणा नाही हेही तिला कळत होतं. ते तलावाच्या रस्त्यावरून तिच्यामागे आलं होतं, तर ते तिथेच नेऊन सोडायचं. घरात आई होती. घरात ते नको.

मिस्त्री पुढे, ती मागे. पहिलं वळण रिकामं. दुसरं, तिसरं रिकामं. चौथ्याला तिने श्वास रोखला. लांबलचक वळणातून गाडी दोरीने ओढल्यासारखी निघून गेली, आणि बाहेरच्या कडेवर काहीच नव्हतं. सातही वळणांवर काही नव्हतं. वर तलावाशी मिस्त्री हसतमुखाने उभे होते. आता तुम्हाला माझी गरज नाही ताई, ते म्हणाले. त्यांना गॅरेज उघडायचं होतं. ताईने त्यांना पुढे पाठवून दिलं.

उतरताना चौथ्या वळणाच्या वर, रस्ता रुंद होतो तिथे, तिने गाडी लावली. ऊन चढलं होतं. जॅकेट काढून तिने सीटवर टाकलं, हेल्मेट आरशाला अडकवलं. किल्ली गाडीलाच राहिली. एकदा डोळ्यांनी नीट बघून घ्यावं, म्हणजे मनातलं जाईल, असं तिला वाटलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच तिने मान वळवली आणि त्या कडेकडे सरळ, भरपूर बघितलं.

गवत होतं. वाऱ्याने हलत होतं. आणि ते उजाड दोन ठसे.

ती चालत तिथवर गेली. आपण चालतोय हे तिला नीटसं जाणवलं नाही. पाय ठशांवर बरोबर बसले. तिथून वळण किती सुंदर दिसत होतं. सगळा रस्ता ओंजळीत धरावा तसा.

मग तिच्या गाडीचा आवाज आला. इंजिन सुरू झाल्याचा, गिअर पडल्याचा. चोर, तिच्या मनात आलं. तिने ओरडायला तोंड उघडलं. गर्द निळी गाडी वळणात शिरली, तिचं जॅकेट अंगात, तिचं हेल्मेट डोक्यावर, आणि इतकी देखणी झुकली की तिला स्वतःला तसं कधी साधलं नव्हतं. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. चालवणाऱ्याने तिच्याकडे बघितलं नाही. मान वळवलेली, नजर वळण संपतं तिथे.

९

चालत उतरायला तिला दुपार झाली. दोन गाड्यांना तिने हात केला, त्या वेग कमी न करता गेल्या. वाटेत तिने पोलिसात काय सांगायचं ते जुळवलं. किल्ली राहिली, चूक माझी. आईला कसं सांगायचं तेही जुळवलं.

गाडी घराखाली उभी होती, रोजच्या जागी. नुकतीच कुठूनतरी फिरून आल्यासारखी, इंजिन निवताना करतं तसा टिकटिक आवाज करत होती. ताईने तिच्यावर हात ठेवला. चटका बसायला हवा होता.

ती जिना चढून वर आली. दार अर्धवट उघडं होतं. आतून ताटवाटीचा आवाज येत होता. दाराच्या फटीतून तिला आईची पाठ दिसली, टेबलाशी बसलेली, पांढरे केस नीट विंचरलेले. कुणीतरी पेला आईच्या हाताशी ठेवला, शोधावा लागू नये असा अगदी बोटांना लावून. तळहातावर घट्टे होते.

आत जावं. हेच करायचं होतं. ताईने उंबऱ्यावर पाऊल ठेवलं. लाकूड किंचित वाजलं, आणि आईची मान हलली. त्या सावकाश चालीने ती वळू लागली. टेबलाची कड. भिंत. कपाट.

ताई ती मान येताना बघत राहिली. आणखी वीतभर, की आईच्या डोळ्यांतल्या त्या बोराएवढ्या उजेडात ती उभी राहणार होती. आई तिला बघेल. आईने तिला बघावं याच्यापेक्षा जास्त तिला या क्षणी जगात काही नको होतं. ती आपल्याच बाहूला घट्ट धरून उभी होती. तिने बघितलं होतं, आणि आता ती कुठे होती ते तिला कळत होतं. मास्तरांचा तो उचललेला हात कुणाला हाक मारत होता, तेही. आणि आईने आपल्याला नीट बघितलं तर आईही अशीच कडेला येऊन उभी राहील, तेही.

ती एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक, भिंतीआड, जिथे नजर पोचत नाही.

"दारात कुणी आहे का गं?" आतून आई म्हणाली.

"कुणी नाही," तिचाच आवाज म्हणाला, जरासा थांबून. "तू जेव."

पावलं दाराशी आली. फटीतून एक हात दिसला आणि त्याच्या वर झुकवलेली मान, नजर जमिनीला खिळलेली. दार लोटलं गेलं, कडी लागली. आत आई काहीतरी म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. ताई भिंतीला टेकून ते हसू पूर्ण संपेपर्यंत ऐकत राहिली.